लावलेली आणि राखलेली : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका निसर्ग उद्यानाच्या प्रकल्प नोंदी

१८ मे २०२४

उद्यान म्हणायचे म्हणून उद्यान. प्रत्यक्षात हा गावच्या मोरडीचा, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीचा, एक तुकडा आहे. वर जांभ्या दगडाचा सडा (कातळी पठार), मधल्या उतारावर अकेशिया, खाली व्हाळ (ओढा) आणि व्हाळापलीकडे कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा). गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने तो राखायला घेतला आणि वहीचे काम माझ्याकडे आले.

सकाळपासून माळीकाकांबरोबर उतारावर खुणा करत फिरलो. अकेशियाखाली काही उगवत नाही असे सगळे म्हणतात. वरवर पाहिले तर ते खरेही वाटते. पायाखाली वाळलेल्या पानांचा थर, लवकर न कुजणारा, पाय ठेवला की घसरणारा. तो थर हाताने बाजूला केला की दुसरेच दिसते. जुन्या तोडीत राहिलेले बुंधे आणि त्यांना फुटलेले गुडघाभर धुमारे: माट्टी, किंदळ, जांभा, नाणा, कुंभा, मधूनच एखादी शिवण. वर्षानुवर्षे कोणी छाटले, गुरांनी खाल्ले, वणव्यात जळले, तरी मूळ जिवंत. प्रत्येक बुंध्याशेजारी चुना लावलेली खुंटी ठोकली, म्हणजे पावसात गवत वाढले तरी कोयतेवाल्याला अंदाज येईल.

माट्टीचा धुमारा ओळखायचा तर पान उलटे करायचे. मागच्या बाजूला, देठाजवळ, मधल्या शिरेवर ग्रंथी बोटाला लागते. मोठ्या झाडाची साल तर भेगाळून मगरीच्या पाठीसारखी होते, लांबूनही कळते. माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष. तरी वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात माट्टीचे रोप मी फार क्वचित पाहिले आहे.

ठरले ते असे: अकेशिया एकदम न काढता टप्प्याटप्प्याने काढायचा आणि या धुमाऱ्यांना वर येऊ द्यायचे. रोपे लावायची ती फक्त जिथे मूळच शिल्लक नाही तिथे.

२९ मे २०२४

वृक्ष अधिकाऱ्यांचे परवानगीचे पत्र आले, तोडीला सुरुवात. समितीतल्या एका सदस्याचा आग्रह होता की पाऊस लागायच्या आत सगळा उतार मोकळा करावा, लाकडाचे पैसेही एकरकमी मिळतील. माळीकाकांनी नकार दिला आणि मी त्यांच्याच बाजूने बोलले. एकदम ऊन पडले की धुमाऱ्यांच्या आधी रानमोडीचे तण वर येते. शिवाय अकेशियाच्या तोडलेल्या बुंध्याला फुटवा फारसा येत नसला, तरी जमिनीत पडून राहिलेले त्याचे बी उजेड मिळताच मुठीमुठीने उगवते. ती रोपे हाताने उपटायला माणसे लागतात आणि आमच्याकडे माणसे मोजकीच. म्हणून जिथे खुंट्या जास्त, तिथलाच अकेशिया आधी काढायचा. मधे सावलीचे पट्टे ठेवायचे.

अकेशिया मूळचा उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनीकडचा. सामाजिक वनीकरणात तो डोंगरांवर लागला, कारण तो कशाही जमिनीत येतो, गुरे खात नाहीत आणि दोन-तीन पावसांत हिरवे दिसते. त्या काळी सरपणाची गरज खरी होती, हेही लिहून ठेवायला हवे. आज त्याला शिव्या घालणाऱ्या कित्येकांच्या चुली त्याच्यावर पेटल्या आहेत.

७ जून २०२४

पाऊस धरला. रात्री व्हाळाच्या कडेच्या खाचरात मोठे बेडूक ओरडत होते. नर पिवळेधमक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. वर्षातून या थोड्या रात्रीच ते असे रंगतात आणि नेमक्या याच रात्री बॅटऱ्या घेऊन माणसे येतात. हॉटेलांत याचीच तंगडी खास पाहुण्यांना मिळते. बेडूक मारणे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हा फलक पंचायतीने गेल्या वर्षीच लावला होता. फलक वाचून कोणी परत गेल्याचे ऐकिवात नाही. आमच्या दोन तरुण मुलांनी मात्र खाचराजवळच्या मांगरात पत्ते खेळत बसायचे ठरवले, दिवा लावून. उजेड दिसला की गाड्या थांबत नाहीत.

६ जुलै २०२४

वनमहोत्सवाचा आठवडा. एका कंपनीकडून सामाजिक जबाबदारीच्या निधीतून रोपे आली. टेम्पो उघडला तर गुलमोहोर, पिचकारी, टॅबेबुया आणि काही सोनमोहोर. आम्ही पत्र पाठवले होते त्यात देशी रोपांची यादी होती. पुरवठादाराचे म्हणणे असे की यादीतली नावे त्याच्या संगणकात सापडली नाहीत.

फोटो काढायला माणसे आली होती, बॅनर आला होता, फराळही आला होता. पंचांनी मला बाजूला घेऊन सांगितले, ‘बाय, चार लावून टाका, मागून काय ते बघू.’ मी शाळेच्या आवारात आणि रस्त्याच्या कडेला ती रोपे लावायला सांगितली. गुलमोहोराशी माझे वैर नाही. मादागास्करचे ते झाड मे महिन्यात बसथांब्यावर सुंदर दिसते. पण हा उतार त्याची जागा नव्हे. पिचकारीच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. मूळ आफ्रिकेतले हे झाड दमट डोंगरात आपणहून पसरते, म्हणून ती रोपे शाळेलाही दिली नाहीत.

बॅनरवर रोपांचा आकडा मोठ्या अक्षरांत होता. पुढच्या वर्षी किती जगली हे विचारायला कोणी बॅनर घेऊन येत नाही, हा अनुभव जुना आहे.

१४ जुलै २०२४

रोपे लावली ती आज, फोटोशिवाय. व्हाळाच्या काठी, जिथे माती आहे आणि जुने बुंधे नाहीत, तिथे कोकम, सुरंगी, उंडी आणि ओवळ. रोपे काही माळीकाकांनी परसात वाढवलेली, काही वनखात्याच्या रोपवाटिकेतली.

कोकम आणि सुरंगी दोन्हींची एक अडचण सारखीच. बियांपासून केलेल्या रोपांत फळ धरणारी किती आणि नुसती नर किती हे झाड फुलावर येईपर्यंत कळत नाही. आणि ते व्हायला वर्षे जातात. बागायतदार म्हणून कोकमाची कलमे लावतात. आम्ही मुद्दाम बियांची रोपे घेतली, कारण इथे उत्पन्न नको आहे, डोंगरातले वैविध्य हवे आहे. एक मावशी म्हणाल्या, ‘मग सोलां कोण देणार?’ त्यांच्यासाठी कुंपणाच्या कडेला काही कलमे लावायचे कबूल केले. असा सौदा केला नाही तर कुंपण टिकत नाही.

जांभ्यात खड्डे मारायला पहारीशिवाय इलाज नाही. वरचा थर कातळ, खाली मुरमाड, पाणी धरत नाही. सत्तरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरी डिसेंबरात हाच उतार कोरडा ठणठणीत असतो. म्हणून प्रत्येक रोपाच्या खालच्या अंगाला दगडांची अर्धगोल ताल (छोटा बांध) घातली.

४ ऑगस्ट २०२४

पहाटे रोयणीवर (वाळवीच्या वारुळावर) ओळमी (रानअळंबी) आली. बातमी मला कळायच्या आत निम्मी काढूनही झाली होती.

या ओळमीची शेती कोणाला साधलेली नाही. वाळवी जमिनीखाली ही बुरशी पोसते आणि बुरशी वाळवीला अन्न पचवून देते. एकाशिवाय दुसरी जगत नाही. पावसाच्या ठराविक दिवसांत छत्र्या वर येतात. पूर्ण उमललेल्या छत्रीतून बीजकण झडतात, पण बाजारात भाव मिळतो तो कळीला. त्यामुळे उमलायला कोणी ठेवतच नाही. त्यात हल्ली काहीजण घाईत कुदळ मारून रोयणच फोडतात.

या बाबतीत मात्र आम्हाला फलक लागला नाही. सत्तरीत सातेरीची पूजा वारुळाच्या रूपात होते. मी जैवविविधतेबद्दल चार वाक्ये बोलले. मग गावकरांपैकी एका वडीलधाऱ्यांनी एकच विचारले, ‘देवीर कुदळ मारतात?’ मुले गप्प. ठरले असे की रोयणीला हत्यार लावायचे नाही, हाताने काढायची आणि प्रत्येक ठिकाणची काही छत्री उमलायला सोडायची. पाळतील का ते पुढच्या श्रावणात दिसेल. मला स्वतःला शेवटच्या अटीबद्दल शंका आहे. समोरची कळी सोडली तर ती मागून येणारा नेतो, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

१८ ऑगस्ट २०२४

आज सड्यावर होतो. लिहायला बसले तर थांबवत नाही, म्हणून वहीची जादा पाने जोडत आहे.

उन्हाळ्यात हा सडा म्हणजे काळा तापलेला कातळ. कोणीही बाहेरचा माणूस येऊन म्हणतो, ‘पडीक आहे, इथे झाडे लावा’ किंवा ‘इथे प्लॉट पाडा’. दोन्ही सूचना मला सारख्याच वाटतात. आज तिथे पाऊल टाकायला जागा नव्हती. खळग्यांत सीतेची आसवे, निळी-जांभळी, पाण्यावर तरंगल्यागत. कडेने गेंदाची पांढरी बोंडे. ओलसर भेगांत दवबिंदू, ज्याच्या पानांवरच्या चिकट थेंबांत चिलटे अडकलेली. मधे मधे पिवळा कवला, तेरडा, रानहळदीचे तुरे. आणि गवत. गवताकडे कोणी पाहत नाही, पण याच सड्यांवर ग्लायफोक्लोआ गोवाएन्सिस नावाचे, गोव्याचे नाव लागलेले गवत येते. त्याचे घर म्हणजे गोवा आणि जवळच्या कोकणातले जांभ्याचे सडे, बाकी जगात कुठे नाही.

शाळेची मुले बरोबर होती. एकाने विचारले की झाड किडा का खाते. उत्तर पायाखालीच होते. कातळावर बोटभर माती, तीही पावसाने धुतलेली, त्यात नत्र जवळजवळ नाही. दवबिंदू ते कीटकांतून मिळवतो. सीतेची आसवे आणखी धूर्त: तिच्या ओल्या मातीतल्या भागांना बारीक पिशव्या असतात, सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवीचे दार उघडून त्याला पाण्यासकट आत ओढते. वर फूल इतके नाजूक आणि खाली हा उद्योग. मुलांना हे फार आवडले.

तर सड्यावर झाड लावायचे नाही, असा ठराव समितीत मांडला. खड्डा मारला की पाणी धरणारा कातळ फुटतो, मातीचा ढीग टाकला की खळगे बुजतात आणि सावली पडली की ही सगळी मंडळी जातात. विरोध झाला. निधी देणाऱ्यांना सडा सर्वात सोयीचा, गाडी वरपर्यंत जाते. एक सदस्य म्हणाले, ‘वर्षातले आठ महिने तिथे काही नसते.’ मी म्हटले, शेतातही नसते. ठराव मंजूर झाला, पण एका मताने.

१ सप्टेंबर २०२४

चवथ सहा दिवसांवर. डोंगरात माणसांची वर्दळ. माटोळीचे सामान गोळा करणे सुरू झाले.

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी थोडे लिहिते. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळे-फुले-पाने बांधतात. नारळ, सुपारीचे कातरे, चिबूड, तोरंजन ही बागेतली. पण माटोळीची शान रानातल्या मालाला: कांगल्यांचे म्हणजे मालकांगोणीचे घोस, घागऱ्या, लाल कवंडळ, फागलां (करटोली), आंबाडे, माट्टीची पंखवाली हिरवी फळे. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धाही घेते. स्पर्धेमुळे विसरत चाललेली नावे परत तोंडात आली, नव्या मुलांनी झाडे ओळखायला सुरुवात केली. आणि स्पर्धेमुळेच दुर्मीळ वस्तू मिळवण्याची चढाओढही लागली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आज उद्यानाच्या वरच्या कडेला मालकांगोणीची जुनी वेल बुडापासून तोडलेली सापडली. घोस वर किंदळाच्या शेंड्यावर, हात पोचत नाही, म्हणून वेलच तोडायची आणि ओढायची. मनगटाएवढी जाड वेल. माळीकाका बराच वेळ तिच्या बुडाशी उकिडवे बसले होते. मग म्हणाले, ‘मूळ जिवंत असा. फुटेल.’

आमच्यात दोन मते पडली. एकाचे म्हणणे, उद्यानात माटोळीसाठी बंदी घालावी. दुसरे मत माझे: बंदी घातली तर आमची वही रिकामी होईल. या डोंगरात कुठली वेल कुठे आहे हे ज्यांना माहीत आहे, ती माणसे म्हणजे माटोळीचे सामान काढणारीच. लोकजैवविविधता नोंदवहीतली निम्मी स्थानिक नावे वाडीवरच्या एका वयनींनी सांगितली आहेत. साखळी शहराच्या बाजारात त्या दरवर्षी माटोळीचा वाटा मांडतात. त्यांनाच दारात अडवायचे आणि त्यांनीच सांगितलेली नावे छापायची, हे मला जमणार नाही.

१२ सप्टेंबर २०२४

दीड दिवसांचे आणि पाच दिवसांचे गणपती पोचले. वयनी आज सवडीने आल्या. त्यांच्याबरोबर डोंगर फिरलो आणि काय कसे काढायचे ते त्यांनी प्रत्यक्ष दाखवले. घोस काढायचा तर लांब बांबूला आकडी बांधून फक्त फळधरी फांदी ओढायची. फागल्याच्या वेलीला कंद असतो, वेल गेली तरी चालेल, कंद उकरायचा नाही. तिच्यातही नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. फळ धरत नाही म्हणून नर वेल उपटली तर पुढच्या वर्षी शेजारची मादीही रिकामी. कळलावीला हात लावायचा नाही, तिच्या कंदात विष. वयनी हे सगळे एरवीच्या गप्पांच्या सुरात सांगत होत्या आणि मी लिहून घेता घेता मागे पडत होते.

त्यातून एक योजना निघाली: उद्यानाच्या रस्त्याकडच्या भागात माटोळीचा कोपरा. मालकांगोणी, कवंडळ, घागरी, शेरवड, आंबाडा. तिथले कोणीही काढावे, वरच्या डोंगरातले काढू नये. घागरीचे बी वयनींच्या घरीच होते.

घागरीचा दुसरा फायदा त्यांना माहीत नव्हता, तो मी सांगितला. ब्लू टायगर आणि त्याच्या भाईबंद फुलपाखरांचे नर घागरीची पाने ओरबाडून रस शोषतात. त्यातल्या अल्कलॉइडपासून ते मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. वयनी म्हणाल्या, ‘म्हणून ती पाखरां तिच्यार लोंबतात!’ त्यांनी ते पाहिलेले होतेच. शेरवडीवर कमांडर फुलपाखराच्या अळ्या असतात, तेही त्यांनी पाहिले होते. अळीला त्या ‘शेणाची काडी’ म्हणतात, कारण ती पानाच्या तुकड्यांत आणि स्वतःच्या विष्ठेत लपून बसते.

५ ऑक्टोबर २०२४

वन्यजीव सप्ताह. भाषणे शाळेत झाली, आम्ही रानमोडी उपटली.

वेळ हीच. जमीन अजून ओली आहे, मुळासकट येते, आणि फुलायला अवकाश आहे. डिसेंबर-जानेवारीत फुलली की तिचे केसाळ बी वाऱ्यावर कुठल्या कुठे जाते. मग वर्षभराची मेहनत गेली. उपटलेली झुडपे मुळे वर करून धुमाऱ्यांच्या मधे पसरली, म्हणजे तिथे नवीन रानमोडीला उजेड मिळणार नाही. घाणेरीचे तंत्र वेगळे. ती उपटत नाही आणि वरून कापली की दुप्पट फुटते. जमिनीखाली चार बोटे, जिथून फुटवा येतो त्याच्या खाली मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून टाकायचे. हे काम कंटाळवाणे आहे, कंबर धरते, आणि याचा फोटो चांगला येत नाही.

मधल्या सुट्टीत मोठे आश्चर्य. व्हाळाजवळच्या ईश्वरीच्या वेलीवर सदर्न बर्डविंगची मादी घिरट्या घालत होती. पुढचे पंख काळे, मागचे पिवळे, उडते तेव्हा फुलपाखरू कमी आणि पक्षी जास्त वाटते. दक्षिण भारतातले हे सर्वात मोठे फुलपाखरू. अंडी घालते ती ईश्वरीच्या कुळातल्या वेलींवरच. वेल विषारी, अळी ते विष अंगात साठवते आणि मग पक्षी तिला टाळतात. क्रिमसन रोझ आणि कॉमन रोझ यांचाही हाच व्यवहार. आणि परसातल्या कढीपत्त्यावर वाढणारे कॉमन मॉरमन पाहा: त्याच्या काही माद्या हुबेहूब कॉमन रोझचे रूप घेतात. विष नाही, नुसता वेश.

ही वेल तण म्हणून साफ होणार होती. यापुढे सफाईच्या आधी माळीकाका एक फेरी मारतील आणि ठेवायच्या वेलींना सुतळी बांधतील, असा नियम केला.

१७ नोव्हेंबर २०२४

मुलांना बांबर येथील निरंकाराच्या रायीत नेले. रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची ही दलदल देव म्हणून राखली गेली. आत शिरले की थंडावा अंगाला लागतो. खाली चिखलपाणी, त्यात झाडांची आधारमुळे आणि चिखलातून वर येऊन परत आत वळणारी गुडघेमुळे; पाण्यात बुडालेल्या जमिनीत मुळांना हवा मिळावी म्हणून. केरळकडच्या अशा दलदलींची शास्त्रीय नोंद १९६० मध्ये झाली. लोकांनी त्या आधीच कोयता बाहेर ठेवायचा नियम केलेला होता.

एका मुलीने जमिनीवर पडलेले बी खिशात घातले, उद्यानात लावायला. ते परत ठेवायला लावले. हे बी वाळले की मरते आणि आमच्या व्हाळाला मार्चनंतर पाणी नसते. रायीची नक्कल आम्हाला करता येणार नाही. आमच्याकडे जे आहे ते पानझडीचे रान आहे, ते त्याच्या जागी बरे आहे.

२२ डिसेंबर २०२४

किंदळाच्या फळांनी उतार तांबूस झाला आहे. धुमारे कमरेच्या वर, काही ठिकाणी डोक्याएवढे. एका बुंध्याला अनेक फुटवे येतात, त्यातले एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे काढले. बी लावून वाढवलेले रोप इतक्या काळात वीतभर होते. धुमाऱ्याला जुन्या मुळाचा साठा मिळतो, त्याचा हा फरक.

व्हाळाकाठच्या सुरंगीची काही रोपे गवारेड्यांनी तुडवली. त्यांना कुळागरात जायची वाट तीच आहे. रोपे हलवता येतील, वाट हलणार नाही.

१९ जानेवारी २०२५

जाळरेषा, म्हणजे आग अडवायची मोकळी पट्टी, काढायला घेतली. वरच्या अंगाला सड्याची कड आहे, तिथे आग थांबते. खालून व्हाळ. धोका दोन्ही बाजूंच्या काजूबागांकडून. बिया गोळा करायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तो वाऱ्याने सुटतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आगी पेटल्या तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतत होती. आमच्याकडे फावडी, ओल्या फांद्या आणि पाठीवरचे औषध फवारायचे पंप.

काजूवाल्यांना शत्रू करून चालणार नाही. पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून आलेले ते झाड आज इथल्या घरांचे वर्षाचे मीठ-मिरची आहे. शेजारच्या दोन बागायतदारांशी बोलणे झाले: पाचोळा जाळायचा नाही, ओढून आमच्या हद्दीवर टाकायचा, आम्ही तो व्हाळाकडच्या रोपांना आच्छादन म्हणून वापरू. ओढायची मजुरी निम्मी आमची. समितीच्या जमाखर्चात हे ‘अग्निसुरक्षा’ या नावाखाली टाकले आहे.

२३ फेब्रुवारी २०२५

आग आलीच, पण ज्यांच्याशी बोललो त्यांच्याकडून नव्हे. रस्त्याच्या बाजूने, दुपारी. कोणी विडी टाकली की कोणी मुद्दाम लावली ते कळले नाही. जाळरेषेवर ती अडली, एका ठिकाणी उडी मारून आत आली आणि अकेशियाच्या शिल्लक पट्ट्यात शिरली. तिथला पाचोळा क्षणात पेटला. गावातले सगळे धावले, वयनी आणि त्यांच्या वाडीवरच्या बायका सर्वात आधी, कारण माटोळीचा कोपरा तिथून जवळ. अंधार पडायच्या आत विझली.

जळालेल्या भागात धुमारे कोळपले आहेत. कुंभ्याच्या जाड सालीला काही झालेले दिसत नाही. आता अकेशियाचे बी या पावसात दुप्पट उगवेल, कारण आगीच्या धगीने त्याचे कवच फुटते. जून-जुलैत उपटायला जास्त हात लागतील, शाळेला आजच कळवले.

३० मार्च २०२५

शिगमो आटोपला. सुरंगी फुलली आहे, आमची नव्हे, देवळाजवळची जुनी. पहाटे झाडाखाली चादरी अंथरून बायका कळ्या गोळा करतात, वळेसर (गजरे) दुपारपर्यंत बाजारात. त्या झाडाचे बी पावसाळ्याच्या तोंडाला मिळेल, माळीकाकांनी सांगून ठेवले आहे.

जळलेल्या पट्ट्यात पाहणी केली. कोळपलेल्या बऱ्याच बुंध्यांना जमिनीलगत तांबूस पालवी फुटली आहे. मालकांगोणीच्या तोडलेल्या वेलीलाही दोन फुटवे, एक आधारापर्यंत पोचला. काजऱ्याच्या झाडावर माळीकाकांनी धनेशाची जोडी पाहिली. मी गेले तेव्हा नव्हती, म्हणून त्यांच्या नावावर नोंदवली आहे.

वार्षिक अहवालाचा तक्ता आला. रकाने असे: लावलेल्या रोपांची संख्या, प्रजाती, खर्च, छायाचित्रे. लावलेल्या रोपांच्या रकान्यात व्हाळाकाठची मोजकी रोपे लिहिली. ती पाहून लिपिकाने फोन केला की आकडा फारच लहान आहे, पुढचा हप्ता अडकेल. मी तक्त्याच्या शेवटी हाताने एक रकाना ओढला, ‘राखलेले बुंधे’, आणि खुंट्या मोजून आकडा घातला. लिपिक म्हणाले की त्यांच्या संगणकात असा रकाना नाही. वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाले. समितीच्या एप्रिलच्या बैठकीत हा विषय पहिला घेतला आहे. त्या दिवशी वयनींनाही बोलावले आहे, निमंत्रित म्हणून, प्रवासखर्चासह.